डॉक्टरीणबाईंनी राखून ठेवलेली क्लिप

आमच्या दुकानाचं नाव होतं 'बेबी लेडीज कॉर्नर'. त्यातली बेबी म्हणजे मी. लेडीज म्हणजे सिरसाळ्यातल्या आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या झाडून सगळ्या बायका. कॉर्नर मात्र कुठंच नव्हता. दुकान भर बाजाररस्त्याच्या मधोमध होतं, एका अंगाला खताचं दुकान आणि दुसऱ्या अंगाला पंक्चर काढणारा. पाटी रंगवणाऱ्या पेंटरनं दादांना सांगितलं होतं की लातूरला आता सगळेच असं लिहितात, आणि दादांनी मान हलवली. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर फक्त मान हलवली. लातूरचा ठोक व्यापारी म्हणायचा, हा माल सगळं निलंगा उचलतंय. दादा मान हलवायचे आणि एस्टीच्या टपावर खोकं चढवायचे. बोलायचं काम मायकडे होतं. आमच्या घरात खरेदी भोळी होती आणि विक्री बेरकी, म्हणून संसार चालला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यापलीकडे चूल. त्यामुळे आमच्या पिठल्याला पावडरीचा वास असायचा आणि पावडरीच्या डब्यांना लसणाच्या ठेच्याचा. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुली बोहल्यावर ठेच्याचा घमघमाट सोडत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नवऱ्यांना संसार म्हणजे जेवण अशी गोड समजूत पहिल्याच दिवशी झाली, असं माझं मत आहे. माय आत भाकरी थापायची, बाहेर गिऱ्हाईक मी बघायचे. भाकरीचा थप थप आवाज चालू असला की सगळं ठीक. तो थांबला की समजायचं, मायचा कान बाहेर आलाय. आणखी थोडा वेळ थांबला की पिठाच्या हातांनी माय स्वतः बाहेर यायची, आणि मग गिऱ्हाइकाची सुटका नसायची.

एकदा दादांनी लातूरहून फुलपाखराच्या क्लिपा आणल्या. गुलाबी, निळ्या, पिवळ्या. पंखांना बारीक स्प्रिंग. डोकं हललं की पंख थरथरायचे. निलंग्यानं त्या उचलल्या असतील, सिरसाळ्यानं ढुंकून पाहिलं नाही. बायका म्हणायच्या, डोक्यावर किडा बसल्यासारखं वाटतंय. खोकं पडून राहिलं. मग एके दिवशी पाटलांची सुमन आली. ती आली होती केसांच्या आकड्यांसाठी, पण तिचा हात त्या क्लिपांतल्या एका गुलाबी क्लिपेवर गेला. तिचा एक पंख मोडलेला होता. पाटलाच्या घरी मोडका माल जाऊ नये म्हणून माय झटकन म्हणाली, "ती नगं. ती अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी राखून ठेवलीय."

कोण डॉक्टरीणबाई, मायला माहीत नव्हतं. तोंडात आलं ते बोलली. अंबाजोगाईला मोठा सरकारी दवाखाना, तिथं डॉक्टर शिकतात, म्हणजे एखादी डॉक्टरीण असणारच, एवढाच हिशोब. पण सुमनचा हात क्लिपेवरून हलेना. तिचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"कावून? आमी काय फुकट नेतो का?"

सुमन मोडक्या पंखाची क्लिप घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी आल्या. चांगल्या क्लिपा समोर मांडलेल्या असताना त्यांनी विचारलं, डॉक्टरीणबाईंच्या कोणत्या? मायनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. विहिरीला पाणी लागल्यावर खणणारा वर बघतो, तशी.

त्या संध्याकाळी बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा रिकामा झाला. सगळी फुलपाखरं त्यात गेली, वर स्वच्छ फडकं आलं, आणि डबा देवाच्या फोटोखालच्या फळीवर बसला. आता दिसायला दुकानात एकही क्लिप नव्हती. गिऱ्हाईक आलं की माय मला म्हणायची, बेबे, तो निळा डबा जरा आत ठेव, कुणाचा हात लागंल. एवढंच. मी डबा उचलला की गिऱ्हाइकाची मान डब्याबरोबर वळायची. कधी मी रस्त्यावरून धापा टाकत यायचे आणि सांगायचे की डॉक्टरीणबाईंचा निरोप आलाय, त्या शनिवारी माणूस पाठवतायत. ही धाप खरी असायची. खोटा दम ओळखू येतो असं मायचं म्हणणं, म्हणून ती मला आधी मारुतीच्या देवळापर्यंत पळत जाऊन यायला लावायची. पुढं गॅदरिंगमधल्या नाटकांत मी बक्षिसं घेतली, तेव्हा मास्तरांना वाटलं की उपजत आहे.

आमची डॉक्टरीण मग वाढायला लागली, आणि गंमत म्हणजे तिला आम्ही वाढवलंच नाही. गावानं वाढवलं. कुणी म्हणालं, ती उंच आहे. कुणी म्हणालं, तिनं चालत्या एस्टीत जुळ्यांचं बाळंतपण केलं. खतवाल्याच्या आईनं तर शपथेवर सांगितलं की तिच्या भाचीला टाके घालताना डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर फुलपाखरू होतं, आणि टाका घालताना पंख एकदाही हलला नाही. मी आणि माय पडद्याआड तोंडात पदर कोंबून बसलो होतो. आमच्या गावात एखादी वस्तू एकीकडे असली की ती थेरं, दोघीतिघींकडे असली की फॅशन, आणि त्यानंतर जिच्याकडे नसेल तिच्या घरात उपास. मुली जेवायच्या नाहीत. आया यायच्या, शिव्या देत यायच्या, आणि मुलीसाठी एक घेऊन निघताना हळूच स्वतःसाठीही एक मागायच्या. भजनाला बसलेल्या बायकांच्या डोक्यावर पंख टाळाच्या ठेक्यात हलायचे. सत्तरीच्या एका आजींनी टकलाला पदर चिकटवायला म्हणून निळं फुलपाखरू नेलं.

परवा माझी भाची सानिका सुटीला आली होती. पुण्याला शिकते. तिनं मला फोनवर एक पर्स दाखवली. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, फक्त दोनच शिल्लक, आणि आत्ता इतके लोक ही वस्तू बघतायत. ती म्हणाली, मावशी, पटकन घ्यावी लागेल. मी विचारलं, बघणारे कोण आहेत? ती म्हणाली, असतील कुणी. मी म्हटलं, बाळा, ते लोक मारुतीच्या देवळापर्यंत पळून आलेत का, तेवढं विचार. तिला काही कळलं नाही. पर्स आली. तिच्या खोलीतल्या चौघींकडेही तीच होती, आणि चौघींनाही दोनच शिल्लक दिसल्या होत्या. माझ्या मायनं हे सगळं बिनविजेचं केलं होतं, एका बिस्किटाच्या डब्यावर. आज असती भरात, तर कंपनीवाले तिला पुण्याला बंगला देऊन घेऊन गेले असते आणि आठ दिवसांत तो बंगला तिनं त्यांनाच विकला असता.

असो. आमच्या या सुखाला दृष्ट लागली ती कौशीची. कौशी माझ्या वयाची, माझ्याच वर्गातली, पण वर्ग अर्धाच. दिवाळी झाली की तिचे आईबाप तिला घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि उन्हाळा लागताना परत यायचे. जीभ कोयत्यापेक्षा बारीक परजलेली. त्या वर्षी तोडणीला जायच्या आधी, टेम्पो वेशीत उभा असताना, ती पळत दुकानात आली होती आणि पिवळं फुलपाखरू घेऊन गेली होती. मायनं तिच्यासाठी डॉक्टरीणबाईंची माफी मागून ते काढून दिलं होतं, असं एकूण नाटक झालं होतं.

कौशी परत आली तेव्हा उन्हानं काळी ठिक्कर पडलेली. तिनं क्लिप काउंटरवर ठेवली. पंख उरले नव्हते, नुसत्या दोन स्प्रिंगा उभ्या होत्या. ती म्हणाली, "उसाची मोळी डोक्यावर घेतली अन् पहिल्याच दिशी फुलपाखराची चटणी झाली. तळावरच्या बाया हसून मेल्या. तुमची डॉक्टरीण मोळी उचलती का?"

मायनं शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कौशी म्हणाली, माल नका घेऊ परत, मला ती डॉक्टरीण दाखवा. एवढी राखून ठेवती, ठेवती, अन् न्यायला एकदाबी कशी येत न्हाई? भाकरीचा आवाज त्या दिवशी चालूच नव्हता, तरी मला तो थांबल्यासारखा वाटला. कारण हा प्रश्न गावात इतक्या दिवसांत कुणालाच पडला नव्हता.

आणि तो पसरला. पाणवठ्यावर, गिरणीत, पंक्चरवाल्याकडेसुद्धा. बेबीच्या मायची डॉक्टरीण हाय का न्हाई? इकडे लग्नसराई तोंडावर होती. दादांनी दुकान माळ्यापर्यंत भरलं होतं. मायनं मला कबूल केलं होतं की ही लग्नसराई नीट पार पडली तर बारावीनंतर मला अंबाजोगाईला कॉलेजला ठेवायचं, वसतिगृहात. आणि पार पडली नाही तर माझ्या मामेभावाचं स्थळ तयारच होतं. तो बरा मुलगा होता, पण जेवताना आवाज करायचा. मायचा शब्द खोटा पडला तर बायका बस्त्याबरोबरची सगळी किरकोळ खरेदी परळीला करणार, हे उघड होतं. म्हणजे माझं शिक्षण आणि मामेभावाचं भुरकणं यांच्यामध्ये आता एकच बाई उभी होती, आणि ती बाई नव्हती.

अशात ग्रामपंचायतीनं दवंडी दिली की शाळेत आरोग्य शिबिर आहे आणि तपासायला अंबाजोगाईहून डॉक्टरीणबाई येणार आहेत.

शिबिराला एवढी गर्दी मी नंतर फक्त निवडणुकीच्या जेवणावळीत पाहिली. शाळेच्या व्हरांड्यात बायकांची रांग, ठेवणीतली लुगडी, आणि प्रत्येक डोक्यावर फुलपाखरू. कुणाचं डोकं दुखत नव्हतं, पण डोकं दाखवायला सगळ्या आल्या होत्या. आणि टेबलामागं बसली होती एक सडपातळ पोरगी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल नसेल. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत रबरी स्लीपर, आणि केस बांधले होते सलाइनच्या नळीच्या तुकड्यानं. रांगेतून एक सुस्कारा गेला. मी खतवाल्याच्या आईकडे पाहिलं. शपथेवर सांगणारी ती म्हातारी आता जमिनीवरच्या फरशा मोजत होती.

कौशी पहिल्या नंबरला होती. तिनं नाडी दाखवली नाही. स्प्रिंगा टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "बाई, तुमची क्लिप कुठं हाय?"

"कुठली क्लिप?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

व्हरांड्यातल्या सगळ्या फुलपाखरांचे पंख थांबले. मामेभावाचं भुरकणं मला अगदी कानाजवळ ऐकू आलं. तेवढ्यात रांगेच्या शेपटातून माय बोलली, आवाज अजिबात न चढवता, जणू कुणाला भाजीचा भाव सांगतेय. "ड्युटीवर लावायला मनाई असती, बाई. सरकारी कायदा हाय."

डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांच्या कानावर बहुतेक 'सरकारी कायदा' एवढंच पडलं. नव्या माणसासमोर कुणी सरकारी कायदा म्हटलं की ते मान हलवतंच. त्यांनी दादांसारखी मान हलवली. रांगेत जीव आला, पंख पुन्हा थरथरले. पण कौशी म्हणजे कौशी. ती म्हणाली, मग ड्युटी सुटल्यावर दुकानात चला, तुमचा माल लई दिवस पडून हाय. डॉक्टरीणबाईंनी काय समजून हो म्हटलं, देव जाणे. समोरची रांग लवकर हलावी म्हणून म्हटलं असावं.

माय घरी आली आणि भाकऱ्या थापायला बसली. पहिली भाकर परातीतच फाटली. दुसरी फाटली. माझ्या मायची भाकर फाटलेली मी तेव्हाच पाहिली. मी म्हटलं, माय, आपण दुकान लावून घेऊ, मी आजारी हाय म्हण. ती म्हणाली, "गावात डॉक्टर आलेली असताना आजारी पडतीस, येडे?" आणि पीठ मळत राहिली.

तिकडे शिबिरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दिवसभर येणारी प्रत्येक बाई आधी डॉक्टरीणबाईंच्या केसांकडे बघायची, मग त्या नळीकडे, मग दुसरीकडे. कुणी च्यक् च्यक् करायची. एका म्हातारीनं तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवून विचारलं की घरचं सगळं बरं हाय ना, आईबाप हायेत ना? शेवटी शेवटी त्या मधूनच स्वतःचे केस चाचपायला लागल्या होत्या. शिकलेली, सोन्यासारखी पोरगी, पण सबंध गावाच्या डोक्यावर काहीतरी आहे आणि आपल्या डोक्यावर ते नाही, हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोसणं सोपं नसतं. त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

ऊन कलताना त्या आल्या. पुढं कौशी, मागं डॉक्टरीणबाई, आणि मागं निम्मं सिरसाळं. पंक्चरवाल्यानं सायकल उलटी तशीच सोडली आणि तोही आला. माय काउंटरमागं उभी होती, हात कोपरापर्यंत पिठाचे. कौशीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि गर्दीकडे बघून म्हणाली, हां, आता इचारा.

डॉक्टरीणबाई काउंटरवर वाकल्या. त्यांचे कान लाल झाले होते. अगदी हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या हळू, त्या म्हणाल्या, "मावशी, ती... सगळ्यांच्या केसांत आहे ना, तसली क्लिप मिळेल का? एखादी असली तरी चालेल."

मायनं घाई केली नाही. आधी पदराला हात पुसले. मग फळीवरचा निळा डबा उतरवला, फडकं काढलं, त्यातून गुलाबी फुलपाखरू उचललं आणि पंक्चरवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढे दिस तुमच्यासाठीच राखून ठेवलीय, बाई. आज न्यायला आलात व्हय."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, ही इकडची बोलायची रीत असेल. त्या हसल्या, थँक्यू म्हणाल्या, नळी सोडली आणि तिथंच आरशात बघून क्लिप लावली. पंख थरथरले. मागं कुणीतरी बाई चक्क रडली.

कौशीचे हात कमरेवरून खाली आले. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिली, मग मायकडे, मग माझ्याकडे. मी खऱ्या दमानं धापा टाकत होते, आणि त्यासाठी मला देवळापर्यंत पळावं लागलं नव्हतं. "म्हंजी हाय की खरंच," ती पुटपुटली. आणि मग, माझ्या मायच्या धंद्याचा सगळा वेद ज्यात आला असं एक वाक्य ती बोलली. "काकू, बाईंच्यातली अजून एक निघंल का?"

एखादीनं तिथं समाधानानं डबा उघडला असता. माय उघडेना. तिनं एकदा डॉक्टरीणबाईंच्या रबरी स्लीपरांकडे पाहिलं. सगळ्या गावानंही त्या पाहिल्या होत्या. दिसलेल्या माणसाचा धंद्याला उपयोग संपतो, हे तिला तिथल्या तिथं कळलं. डब्यावर फडकं टाकत ती म्हणाली, "न्हाई गं कौशे. ऱ्हायलेल्या लातूरच्या कलेक्टरीणबाईंच्या हायेत."

कौशीनं हट्टानं त्यातली निळी नेली. लग्नसराई अशी झाली की माळा रिकामा झाला. मामेभावाचं दुसरीकडे जमलं आणि मी अंबाजोगाईला गेले.

वसतिगृहात पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुली माझ्या डोक्याकडे बघून हसल्या. हे काय गं गावाकडचं, असं एकीनं विचारलं. अंबाजोगाईत फुलपाखरू कधी उडालंच नव्हतं. तिथं तेव्हा उंच टाचेच्या सँडलचं खूळ होतं. जिन्यावर टाक टाक आवाज करत सगळ्या वर्गाला जायच्या आणि माझी चप्पल मुकी. मी जेवणावरून उठायला लागले. मी, डॉक्टरीणबाईंची निम्मी जन्मदाती! मला सगळी मेख माहीत होती. पण मेख माहीत असून उपयोग नसतो, पायाला तिचं शिक्षण नसतं. शेवटी बाजारात गेले. काचेच्या कपाटात एक चॉकलेटी जोड होता. मी हात लावणार, तोच दुकानदार वही मिटत म्हणाला, ताई, तो नका काढू. तो लातूरच्या कलेक्टरीणबाईंनी राखून ठेवलाय.

शहाण्या मुलीला तिथं हसू फुटायला हवं होतं. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या मनात एकच आलं: आमच्या कलेक्टरीणबाई इथंपण येतात. म्हणजे त्या आहेत! जोड माझ्या पायाला लहान होता. मी तो घेतला.

दिवाळीला स्टँडपासून घरापर्यंत लंगडत आले. माय चुलीपाशी होती. पाय बघून म्हणाली, काय गं हे, टाच कशाला कापून घेतलीस, मापाचं मिळालं न्हाई का? मी पडद्याला धरून उभी राहिले आणि सांगितलं की हा जोड दुकानदार द्यायलाच तयार नव्हता, कलेक्टरीणबाईंनी राखून ठेवला होता, लातूरच्या.

भाकरीचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ही हसणार, आणि जन्मभर हसत राहणार. मायनं तवा खाली उतरवला. पिठाचे हात हवेत तसेच धरून तिनं पडद्याकडे एकदा पाहिलं, बाहेर कुणी नाही याची खात्री केली, आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"कशी हाय गं दिसायला?"